विद्यार्थ्यांनो, तुमची मतपेटी मागा!

बोरिवलीत राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला देशाचा कारभार कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार आहे. मतदान केंद्रावर तिच्या बोटाला शाई लागते आणि तिथे तिला कोणी विचारत नाही की बारावीला तुझे मार्क किती. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाते, तेव्हा आपल्या वर्गाचा प्रतिनिधी कोण असावा, एवढं ठरवायलाही तिला मत नाही. तिची आई कॉलेजात होती, तेव्हा तिलाही नव्हतं. अंधेरीला, घाटकोपरला, मुलुंडला सकाळच्या लोकलमधून उतरून कॉलेजकडे धावणाऱ्या मुलामुलींच्या दोन पिढ्या आपल्याच शिक्षणसंस्थेत बिनमताच्या राहिल्या. ज्याला मत नाही, त्याच्या शब्दाला वजन नाही. आज आपल्या विद्यापीठांत बोलणाऱ्या विद्यार्थ्याची जी कोंडी होते आहे, तिचं मूळ इथे आहे.

हे घडलं कसं, ते आधी नीट पाहू. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्या काळी कॉलेजच्या निवडणुकांत पैसा शिरला होता, दादागिरी शिरली होती. एका तरुणाचा जीव गेला आणि शहर हादरलं. ते दुःख खरं होतं, पालकांची भीतीही खरी होती. त्यानंतर कॉलेज निवडणुका बंद पडल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांच्या जागी गुणवत्तेवरची नेमणूक आणली. वर्गात जो पहिला, तो वर्गाचा प्रतिनिधी. खून गुंडांनी केला, शिक्षा मात्र मतदारांना झाली. विधानसभेच्या निवडणुकीत हाणामारी झाली, रक्त सांडलं, म्हणून आपण विधानसभा बंद केल्या का? आपण बंदोबस्त वाढवला, आचारसंहिता कडक केली, खर्चावर मर्यादा घातली. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र रोग्यालाच घराबाहेर काढून दार लावून घेतलं.

आचारसंहितेचा मार्ग उपलब्ध नव्हता असंही नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने विद्यार्थी निवडणुकांचे नियम तयार केले आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये ते देशभर लागू केले. उमेदवाराने पाच हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. छापील पोस्टर नाही, हाताने रंगवलेलं चालेल. वर्गातली हजेरी किमान ७५ टक्के हवी. उमेदवारावर गुन्हेगारी खटला किंवा शिक्षेचा डाग नको. सगळी प्रक्रिया दहा दिवसांत उरकायची. म्हणजे कार्डशीट, स्केचपेन, दहा दिवस आणि पाच हजारांची मर्यादा. एवढ्या साध्या सामानात लोकशाहीचा पहिला धडा गिरवता येतो. देशातल्या अनेक विद्यापीठांत तो गिरवला जातो. ज्या महाराष्ट्राने देशाला राज्यघटनेचे शिल्पकार दिले, तो महाराष्ट्र मात्र आपल्या मुलांच्या हाती कार्डशीट द्यायला घाबरतो.

बरं, कायदाही आता आडवा येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ साली मंजूर झाला आणि १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९९ ने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका परत आणल्या. २०१९ साली त्या होणार अशी घोषणाही झाली, आणि मग त्या पुढे ढकलल्या गेल्या. विधानसभा आली, कोरोना आला, सरकारं बदलली. तीन वेगवेगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, पण विद्यार्थ्यांची मतपेटी काढायला एकालाही सवड झाली नाही. कायदा लागू होऊन आठहून अधिक वर्षं उलटली. पुस्तकात हक्क आहे आणि हातात काहीच नाही, अशी ही अवस्था आहे.

यात एवढं काय बिघडलं, असं वाटत असेल तर कॉलेजच्या एका टेबलाशी चला. याच कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. वर्षातून किमान चारदा तिची बैठक व्हावी लागते. टेबलाच्या एका टोकाला संस्थेचे अध्यक्ष, शेजारी सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख, शिक्षकांचे प्रतिनिधी, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी, बाहेरून आलेले मान्यवर. समोर कॉलेजचं अंदाजपत्रक. विकासाचा आराखडा, नवे अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांच्या सोयीसुविधा, सगळं या टेबलावर येतं. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं राहणार, मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती या वर्षी की पुढच्या वर्षी, हे प्रश्न मांडायची जागा हीच. आणि याच टेबलाशी कायद्याने दोन खुर्च्या विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या आहेत: विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव. निवडणूक नाही, म्हणून निवडून आलेला अध्यक्ष नाही. त्या खुर्च्या एकतर रिकाम्या असतात, नाहीतर त्यांवर कोणाच्या तरी मर्जीने बसवलेला विद्यार्थी असतो. ज्याला वरून बसवलं, तो वरच्यांना प्रश्न कसा विचारणार?

इथेच मत आणि आवाज यांचं नातं कळतं. एकटा विद्यार्थी उठून बोलला की तो ‘त्रासदायक’ ठरतो. त्याचं नाव लक्षात ठेवलं जातं, त्याच्या घरी फोन जातो, त्याच्या इंटर्नलच्या मार्कांची त्याला काळजी लागते. तोच प्रश्न दोन हजार मतं घेऊन आलेल्या प्रतिनिधीने विचारला की ते कामकाज होतं, त्याची इतिवृत्तात नोंद होते, त्याला उत्तर द्यावं लागतं. प्रतिनिधी नसला की प्रत्येक तक्रार बंडखोरी वाटते आणि प्रत्येक घोषणा बेशिस्त दिसते. बोलण्याच्या वाटा बंद केल्या की उरतो तो फक्त दाराबाहेरचा आरडाओरडा, आणि मग त्याच आरडाओरड्याकडे बोट दाखवून सांगितलं जातं की पाहा, विद्यार्थी किती बेजबाबदार आहेत!

आता आपल्या उपनगरांकडे पाहा. मुंबईची उच्चशिक्षणाची मोठी केंद्रं इथेच आहेत. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे टिस, पवईला आयआयटी, जुहूला एसएनडीटी. गेल्या काही वर्षांत यांतल्या दोन ठिकाणी जे घडलं, ते प्रत्येक पालकाने वाचावं असं आहे.

टिसमध्ये रामदास प्रिनी शिवानंदन हा दलित समाजातला पीएच.डी.चा विद्यार्थी. जानेवारी २०२४ मध्ये तो दिल्लीतल्या एका मोर्चात सहभागी झाला आणि आनंद पटवर्धन यांचा ‘राम के नाम’ हा माहितीपट पाहा, असं आवाहन त्याने केलं. हा माहितीपट राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला आणि दूरदर्शनवर दाखवला गेलेला. एप्रिल २०२४ मध्ये संस्थेने त्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. संस्थेच्या नावाचा राजकीय वापर केला, असं संस्थेचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निलंबन योग्य ठरवलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भोगलेली शिक्षा पुरेशी मानून त्याला संशोधन पुन्हा सुरू करू दिलं. दिल्लीच्या दारापर्यंत जाऊन तो वर्गात परतला खरा, पण संशोधनाचं एक अख्खं वर्ष गेलं. ते त्याला कोण परत देणार? त्याच संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रोग्रेसिव्ह स्टुडंट्स फोरम या विद्यार्थी संघटनेवर बंदी घातली. विरोध झाला आणि काही आठवड्यांत बंदी मागे घ्यावी लागली. त्याच सुमारास विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं जाऊ लागलं की आम्ही राजकीय किंवा प्रस्थापितविरोधी चर्चांत, निदर्शनांत भाग घेणार नाही. समाजविज्ञान शिकायला आलेल्या मुलांनी समाजाच्या व्यवस्थेवर चर्चाच करायची नाही, तर मग ते शिकणार काय?

पवईला ३१ मार्च २०२४ रोजी आयआयटीच्या कला महोत्सवात ‘राहोवन’ हे नाटक झालं. रामायणाचा संदर्भ घेऊन केलेलं ते नाटक काहींना आक्षेपार्ह वाटलं. जून महिन्यात विद्यार्थ्यांवर दंडाची कारवाई झाल्याचं उघड झालं. काहींना १ लाख २० हजार रुपयांपर्यंत दंड होता. जवळपास एका सत्राच्या फीएवढी ही रक्कम. त्याआधी २०२३ मध्ये तिथल्याच भोजनगृहात शाकाहारींसाठी वेगळी टेबलं ठेवण्याला विरोध केला म्हणून दहा हजारांचा दंड झाला होता. नाटक आवडलं नाही तर टीका करा, परीक्षण लिहा, दुसरं नाटक करा. पण नाटकाचं उत्तर दंडाच्या पावतीने दिलं, की पुढच्या वर्षीचा नाटककार लेखणी हातात घेण्याआधी बापाच्या पगाराचा हिशेब करू लागतो. भीती अशीच पसरते. एकाला शिक्षा होते आणि शंभर जण गप्प बसतात.

टिस आणि आयआयटी केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यांना राज्याचा विद्यापीठ कायदा लागू नाही. पण राज्याच्या विद्यापीठांतही तेच चित्र आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांचं नाटक चालू असताना ते उधळलं गेलं. अटक कोणाला झाली? विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना! ज्यांचा प्रयोग बंद पाडला गेला, तेच कोठडीत गेले.

कोणी म्हणेल, हे सगळं आजच्या सत्ताधाऱ्यांचं पाप आहे. नाही, हे पाप सर्वपक्षीय आहे आणि म्हणूनच त्याविरुद्ध सर्वांनी उठायला हवं. २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेताच मुंबई विद्यापीठाने अभ्यासक्रमातून काढून टाकली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. मे २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला शरद पवार यांच्यावरच्या ट्वीटवरून अटक झाली. तो महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिला आणि उच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावले. तेव्हा महाविकास आघाडीचं सरकार होतं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून अटक झाली, कॉलेजने नाव काढून टाकलं आणि ऐन परीक्षेत ती कोठडीत होती. उच्च न्यायालयाने तिची सुटका केली आणि परीक्षेला बसू दिलं. तेव्हा महायुतीचं सरकार होतं. झेंडे बदलले, दंडुका तोच राहिला. विरोधात असताना प्रत्येक पक्षाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवतं आणि मंत्रालयात शिरताना ते बाहेर चपलांपाशी काढून ठेवलं जातं.

म्हणून हा हक्क पक्षाच्या चष्म्यातून पाहू नका. तुमच्या विरोधकाला बोलू देण्यातच तुमच्या बोलण्याचा विमा आहे. ज्या नाटकाने तुमचं मन दुखावलं, त्याच्याही प्रयोगाला संरक्षण हवं. ज्या संघटनेचं तोंड पाहावंसं वाटत नाही, तिलाही सभागृह मिळायला हवं. आज त्यांच्यावरच्या बंदीला टाळ्या वाजवाल, तर उद्या तोच बंदीचा कागद तुमच्या दारावर चिकटेल.

कायदा तुमच्या बाजूने आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला बोलण्याचा आणि शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला. त्यावर निर्बंध घालता येतात, पण ते वाजवी हवेत आणि घटनेत लिहिलेल्या मोजक्या कारणांसाठीच हवेत. ‘साहेबांना आवडलं नाही’ हे कारण त्यात नाही. पालघरच्या त्या अटकेने अस्वस्थ झालेली दिल्लीची श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं. पालघरमधल्या एका पोस्टपासून सुरू झालेल्या लढ्याने देशाचा कायदा बदलला. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने माजलगावच्या आंदोलकांना परवानगी नाकारणारा आदेश रद्द केला आणि बजावलं की एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावरचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्याने कलम ३७० हटवल्याचा निषेध व्हॉट्सअॅप स्टेटसवर ठेवला होता. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

पण हक्क कागदावर असून भागत नाही, तो वापरायला जागा लागते. मुंबईत निदर्शनांसाठी सरकारमान्य जागा कुठली? आझाद मैदान. सुमारे तीन दशकं मोर्चे तिथेच थोपवले जातात. बोरिवलीच्या मुलाला फीवाढीविरुद्ध बोलायचं तर त्याने एक लेक्चर बुडवून चर्चगेटची गाडी पकडायची, मैदानात कुंपणाआड उभं राहायचं आणि संध्याकाळच्या गर्दीत लटकत परत यायचं. मुलुंडच्या मुलीचा अर्धा दिवस सीएसएमटीला जाऊन येण्यातच संपतो. ज्या प्राचार्यांना, ज्या कुलगुरूंना ऐकवायचं, ते मैलोगणती दूर. उपनगरातल्या विद्यार्थ्यासाठी आवाज उठवण्याची खरी जागा एकच: त्याच्या कॉलेजचं आवार, कलिन्याचं प्रवेशद्वार. तिथेही बंदी घातली, तर त्याने बोलायचं कुठे?

आणि उपनगरांनी आवाज उठवूनच सगळं मिळवलं आहे, हे विसरू नका. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला सत्याग्रहींची छावणी होती, जमनालाल बजाज तिचे नेते होते. स्वातंत्र्यानंतर गोरेगावात मृणाल गोरे उभ्या राहिल्या. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजकार्यात उतरल्या होत्या. उपनगरांत पाणी नव्हतं, तेव्हा त्यांनी हंडे घेऊन बायकांचे मोर्चे काढले. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध अहिल्या रांगणेकरांसोबत त्यांनी लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणलं. आणीबाणीत त्या तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईने त्यांना खासदार केलं. आज तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्या मोर्चांचा वाटा आहे. ‘आंदोलनाने काय होतं?’ असं विचारणाऱ्याने आधी नळ उघडून पाहावा.

त्याहून अलीकडचं उदाहरण घ्या. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी नसताना उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. लाखो उत्तरपत्रिका अडकल्या. कायदा म्हणतो, निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावा. इथे महिने गेले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली. पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून चालल्या, नोकरीसाठी गुणपत्रिका मागितली जाऊ लागली आणि निकालाचा पत्ता नाही. तेव्हा एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या विद्यार्थी संघटना एकाच प्रश्नावर रस्त्यावर आल्या. कलिन्यात घोषणा घुमल्या, वर्तमानपत्रांनी त्या उचलल्या, विधिमंडळात प्रश्न गेला. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. त्या पावसाळ्यात विद्यार्थी घरी गप्प बसले असते, तर हा प्रश्न ‘तांत्रिक अडचण’ म्हणून फाइलीत गाडला गेला असता. आणि विद्यापीठाच्या अधिसभेत त्या वेळी निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असते, तर हा खेळ सुरू होण्याआधीच कोणीतरी उठून विचारलं असतं: तयारी झाली आहे का?

पालकांना मी हात जोडून सांगतो. ‘तू शिकायला गेला आहेस, या भानगडीत पडू नको,’ हे तुम्ही मायेपोटी म्हणता. कर्ज काढून फी भरली आहे, पोराचं नुकसान होऊ नये, ही भीती समजते. पण प्रश्न विचारायला शिकणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. आज प्राचार्यांपुढे नम्रपणे पण ठामपणे उभं राहू न शकणारी मुलगी उद्या कचेरीत पगार बुडवणाऱ्या मालकापुढे, सोसायटीत फसवणाऱ्या बिल्डरपुढे, कुठल्याही टेबलाआड बसलेल्या अडेल अधिकाऱ्यापुढे कशी उभी राहील? तुमची मुलं गप्प राहून सुरक्षित होत नाहीत. ती एकटी असली की असुरक्षित असतात. त्यांच्या पाठीशी उभे राहा, चार पालक मिळून प्राचार्यांना भेटा, मग पाहा भीती कोणाची कमी होते ते.

‘करदात्यांच्या पैशांवर शिकता आणि सरकारविरुद्ध बोलता?’ असा टोमणा वरचेवर मारला जातो. सरकारी पैसा म्हणजे सत्ताधारी पक्षाचा पैसा नव्हे. तो घाटकोपरच्या फेरीवाल्याचा आहे, पवईच्या घरकामगार बाईचा आहे, तुमच्या आईबापांचा आहे. त्यांच्या पैशांवर शिकणाऱ्याने त्यांच्या प्रश्नांवर बोलणं हीच त्या पैशाची परतफेड आहे.

आणि प्राध्यापक मंडळींनो, तुमची परंपरा आठवा. टिळक आणि आगरकर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत होते, तेव्हाच ‘केसरी’ आणि ‘मराठा’ चालवत होते. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांविषयीच्या लिखाणाबद्दल दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले आणि बाहेर आल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह फर्ग्युसन कॉलेज उभारलं. पुढे आगरकरांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, पण लेखणी खाली ठेवली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक असताना ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघालं. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचं नाव छापता आलं नाही, पण आवाज थांबला नाही. र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पुढे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि खटला भरला गेला तेव्हा त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. ही तुमची वडिलोपार्जित मिळकत आहे. विद्यार्थ्यावर नोटीस निघाली की स्टाफरूममध्ये कुजबुज करून थांबू नका. चौकशी समितीत बसला असाल, तर तिथे त्याची बाजू पूर्ण ऐकली जाईल एवढं तरी पाहा.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आता काम तुमचं. घोषणेच्या आधी कागद तयार करा. प्राचार्यांना लेखी पत्र द्या: महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी कोण, त्याची निवड कशी झाली, गेल्या वर्षी बैठका किती झाल्या? सरकारी आणि अनुदानित संस्थेत दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात हेच विचारा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. कोणावर कारवाईची नोटीस आली तर तोंडी बोलण्यावर थांबू नका, आरोप लेखी मागा, सुनावणी मागा, निर्णयाची प्रत मागा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा आणि त्याने समाधान झालं नाही तर लोकपालाकडे अपील करता येतं. तुमच्या कॉलेजात ही समिती आहे का? नोटीस बोर्डावर तिच्या सदस्यांची नावं आहेत का? आजच जाऊन पाहा.

आणि रस्त्यावर उतराल तेव्हा शिस्तीने उतरा. अँब्युलन्सला वाट द्या, परीक्षा चालू असलेल्या वर्गाबाहेर ढोल वाजवू नका, दगडाला हात लावू नका, शिवी देऊ नका. दुसऱ्याचं नाटक उधळणं, दुसऱ्याची सभा बंद पाडणं हे आंदोलन नव्हे. ओवेन डिसोझाचा जीव ज्या गुंडगिरीच्या काळात गेला, तो काळ परत येऊ न देणं ही तुमची जबाबदारी आहे. तुमचा प्रत्येक शांत मोर्चा म्हणजे ‘विद्यार्थ्यांना निवडणूक झेपणार नाही’ म्हणणाऱ्यांना दिलेलं उत्तर असेल.

निवडणूक आली की सगळे प्रश्न सुटतील, असं मी सांगणार नाही. निवडून आलेले प्रतिनिधीही विकले जाऊ शकतात, पक्षांच्या दावणीला बांधले जाऊ शकतात. पण त्यांना पुढच्या वर्षी पाडता येतं. नेमलेल्याला पाडता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेच्या पदवीधर जागांची निवडणूक ऐनवेळी थांबवली गेली, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २४ सप्टेंबरला मतदान झालंच. पदवीधर झालेल्यांसाठी न्यायालयाची दारं ठोठावणारे होते. आज वर्गात बसलेल्यांसाठी कोण ठोठावणार? तुम्हालाच ठोठावावी लागतील.

म्हणून अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक कॉलेजातून एकच मागणी उठू द्या: कलम ९९ अमलात आणा, विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तारीख जाहीर करा. डावे असाल, उजवे असाल, आंबेडकरवादी असाल, हिंदुत्ववादी असाल, की कुठल्याच झेंड्याखाली नसाल, ही मागणी सगळ्यांची आहे. एका पत्रावर सगळ्या संघटनांच्या सह्या घ्या. ते पत्र कुलगुरूंना द्या, उच्च शिक्षणमंत्र्यांना द्या, तुमच्या आमदाराला त्याच्या कार्यालयात जाऊन हातात द्या आणि विचारा: तुम्ही मतांवर निवडून आलात, मग आमच्या मतांची तुम्हाला भीती का? उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. गप्प बसवलेल्या दोन पिढ्या पुरेशा झाल्या. तिसरी पिढी बोलेल, मत देईल आणि आपलं विद्यापीठ आपल्या हातात घेईल. उठा, मतपेटी मागा!